उंदरात थांबला, मग आबांच्यात का नाही? मंगळवार पेठेतल्या एका घराचं प्रकरण

आबा ७१ वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर म्हणून गेली. तरुणपणी तालमीत अंग कमावलेलं, त्यामुळं दुखणं अंगावर काढायची सवय. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं हे त्यांनी वर्षभर घरात कुणाला सांगितलंच नाही. कमरेत कळ यायला लागली तेव्हा जुन्या कुस्तीतली दुखापत उपटली म्हणून तेल चोळून घेतलं. शेवटी एका रात्री लघवी तुंबली, दवाखान्यात न्यावं लागलं, नळी घातली आणि मग तपासण्या सुरू झाल्या.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये बनणारं आणि रक्तात मोजता येणारं प्रथिन, ८६ आला. बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लीसन ४+४, म्हणजे आक्रमक प्रकारचा. बोन स्कॅनमध्ये कमरेचे दोन मणके आणि कटीच्या हाडावर डाग. म्हणजे निदान झालं तेव्हाच रोग हाडांत पोचलेला होता. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचं संप्रेरक दाबणारं इंजेक्शन सुरू केलं, सोबत रोज १००० मिलिग्रॅम अबिराटेरोन आणि प्रेडनिसोलोन. निदानाच्या वेळीच पसरलेल्या, जास्त धोक्याच्या रोगात आता असेच उपचार करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या लॅटिट्यूड चाचणीत अशा १,१९९ पुरुषांना एक तर नुसता संप्रेरक दाबणारा उपचार दिला, नाही तर त्याला अबिराटेरोनची जोड दिली. जोड दिलेल्या गटात मृत्यूचा धोका ३८ टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवत होतो आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या संस्थेतल्या नैतिकता समितीवर काही वर्षं बसलो. आबांचं घर ओळखीचं. त्यांचा थोरला शिरोली एमआयडीसीत स्वतःची तीन लेथ चालवतो. तो माझ्याकडं आला तो थेट प्रश्न घेऊन नव्हे, निर्णय घेऊनच. हे सगळं घरच्यांना विचारून लिहितोय. ओळख पटेल ते वगळलंय.

काय घडलं होतं

पहिलं इंजेक्शन झालं त्याच आठवड्यात थोरल्याला कुणीतरी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या. सोबत गुळगुळीत कागदाचं पत्रक. त्यावर दोन उंदरांचे फोटो, एकाचं पोट फुगलेलं, दुसऱ्याचं सपाट, आणि खाली ठळक अक्षरांत ‘अमेरिकन संशोधनात सिद्ध’. तळाला बारीक टाइपात एका शोधनिबंधाचा हवाला होता. तो खरा होता. इथं मला विकणाऱ्याचं कौतुकच वाटलं. बहुतेक जण तेवढीही तसदी घेत नाहीत.

आबा रोज सकाळी उपाशीपोटी अबिराटेरोनच्या गोळ्या घ्यायचे, कारण ती जेवणासोबत घ्यायची नसते. त्याच पाण्याच्या घोटासोबत एक कॅप्सूल, दुसरी संध्याकाळी. डॉक्टरांना हे सांगितलं नव्हतं. ‘ते औषध थोडंच हाय, चहाच की’ असा घरातला हिशेब.

सुरुवातीचे यकृताचे रिपोर्ट ठीक होते. मग गणपतीच्या धामधुमीत मधल्या तपासण्या राहिल्या. तीन महिने भरता भरता दोन रिपोर्ट एकदम हातात आले. पीएसए ८६ वरून ३.१ वर उतरलेला, आणि यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर एसजीपीटी २६८. त्या लॅबची वरची मर्यादा ४५. पाचपटीच्या वर गेल्यामुळं डॉक्टरांनी नियमाप्रमाणं अबिराटेरोन तात्काळ थांबवलं आणि विचारलं, आणखी काही चालू आहे का? थोरल्याच्या आई म्हणाल्या, नाही.

थोरल्यानं घरी जाऊन स्वतःचा निष्कर्ष काढला. ती ‘केमिकल’ गोळी यकृताला बाधली. पीएसए उतरला तो कॅप्सूलमुळं, कारण उंदरांत हेच झालं होतं. तेव्हा गोळी बंदच राहू दे, इंजेक्शनही पुढं बघू, कॅप्सूल दुप्पट करू. आणि एवढं ठरवून तो माझ्याकडं आला, म्हणाला, ‘‘सर, तुम्ही उंदरांवरचं काम बघितलंय. तुम्हीच सांगा, उंदरात थांबला तर आबांच्यात का नाही थांबायचा?’’

मी त्याला आधी दोन गोष्टी सांगितल्या. कॅप्सूल आजच बंद कर आणि उद्या डॉक्टरांना बाटली दाखव. इंजेक्शनची तारीख चुकवू नकोस. त्यानं मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं. मग आम्ही तो शोधनिबंध काढला.

हा उंदीर कोण

उंदराला आपणहून प्रोस्टेटचा कॅन्सर जवळपास होतच नाही. त्याची प्रोस्टेट आपल्यासारखी एकसंध गोळा नसते. मूत्रमार्गाभोवती पुढच्या, पाठच्या, बाजूच्या आणि पोटाकडच्या अशा वेगळ्या पाकळ्या असतात. माणसाचा कॅन्सर बहुतेकदा प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. त्याच्याशी हुबेहूब जुळणारा भाग उंदरात दाखवता येत नाही, फार तर पाठच्या आणि बाजूच्या पाकळ्या त्यातल्या त्यात जवळच्या मानतात. तेव्हा रोग अभ्यासायचा तर तो उंदरात घालावा लागतो, जनुकं बदलून.

पत्रकातला उंदीर ‘ट्रॅम्प’ जातीचा. १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या नॉर्मन ग्रीनबर्ग यांच्या गटानं तो पुढं आणला. त्यात एसव्ही-४० या माकडांमधल्या विषाणूचा जनुकखंड घातलेला असतो. त्यापासून तयार होणारं प्रथिन पेशीचे दोन महत्त्वाचे ब्रेक, पी-५३ आणि आरबी, एकदम निकामी करतं. हा खंड शरीरभर चालू होऊ नये म्हणून त्याला प्रोबेसिन नावाच्या जनुकाचं बटण जोडलं. हे बटण प्रोस्टेटच्या पेशींत आणि पुरुषी संप्रेरक असतानाच चालू होतं. पिल्लू वयात आलं की बटण दाबलं जातं. बारा आठवड्यांच्या आसपास पेशींत कॅन्सरपूर्व बदल दिसतात, पुढं गाठी होतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत अनेक उंदरांत लसिकाग्रंथी आणि फुफ्फुसांत रोग पोचतो. कळपातला प्रत्येक उंदीर ट्रॅम्प असतोच असं नाही. पिल्लाच्या शेपटीचा किंवा कानाचा इवलासा तुकडा घेऊन पीसीआर या जनुक तपासणीनं ठरवावं लागतं.

थोरला ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘म्हंजे ब्लोहोल, आत हवेची पोकळी, मुद्दाम पाडलेलं कास्टिंग. तपासणारा माणूस ते पकडतो का, हे बघायला आम्ही ठेवतो तसलं.’’ मला याहून बरं सुचलं नसतं. दोष कुठं आहे, कधी उघडा पडणार, हे बनवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. उंदराची किंमत तीच आहे. आबांच्या रोगाचं मात्र तसं नव्हतं. तो कोणत्या दोषातून सुरू झाला, किती वर्षं बसून होता, कुणालाच माहीत नाही. आणि एसव्ही-४० चा तो खंड आबांच्या पेशीत नाही हे खात्रीनं सांगता येतं.

एक बारकावा मी त्याला सांगितला, जो पत्रकवाल्यांना कधीच सुचत नाही. या उंदरात कॅन्सरचं बटणच पुरुषी संप्रेरकावर चालतं. दिलेल्या पदार्थानं संप्रेरक जरा खाली आणलं किंवा उंदीर नीट खाईनासा झाला, तरी बटण मंद होऊ शकतं आणि गाठी लहान दिसू शकतात. ट्रॅम्प उंदरांना नुसतं कमी खायला दिलं तरी रोग सौम्य होतो, हे दाखवून झालंय. म्हणून अशा प्रयोगात दोन्ही गटांचं वजन आणि खाणं सारखं होतं का, हे मी आधी शोधतो. समितीवर असताना हा माझा ठरलेला प्रश्न असायचा आणि त्याबद्दल मी थोडा कुप्रसिद्धही होतो.

आणखी एक गुंतागुंत आहे. ट्रॅम्पमध्ये वाढणाऱ्या मोठ्या गाठी बऱ्याचदा चेता-अंतःस्रावी (न्यूरोएंडोक्राइन) प्रकारच्या असतात, आणि त्यांचं प्रमाण उंदीर कोणत्या वंशावर वाढवला यावर अवलंबून असतं. माणसात पहिल्या निदानालाच असा प्रकार निघणं फार विरळा. आबांचा तर नेहमीचा ॲडिनोकार्सिनोमा, ग्रंथीच्या पेशींतून होणारा.

उंदीर किती आठवड्यांचा होता

२००१ सालच्या त्या शोधनिबंधात, हसन मुख्तार यांच्या गटानं ट्रॅम्प उंदरांना पिण्याच्या पाण्यातून ०.१ टक्का ग्रीन टी पॉलिफेनॉल, म्हणजे चहातल्या घटकांचा अर्क, दिलं, २४ आठवडे. गाठी कमी झाल्या, दूरवर पसरणं जवळपास थांबलं. दिवसाला सहा कप चहाइतकी ही मात्रा असल्याचं त्यांनी लिहिलं होतं. निष्कर्ष खोटा नव्हता, आकडेही फुगवलेले नव्हते. पण अर्क सुरू केला तेव्हा उंदीर आठ आठवड्यांचे होते. नुकते वयात आलेले, गाठ नसलेले.

‘‘आबांना कॅप्सूल सुरू केली तेव्हा ते किती आठवड्यांचे होते?’’ असं मी विचारलं तेव्हा थोरला हसला आणि मग गप्प झाला.

याच संशोधकांनी २००९ मध्ये नेमका हा प्रश्न घेतला. त्यांनी अर्क वेगवेगळ्या वयात सुरू केला, ६, १२, १८ आणि २८ आठवड्यांना. साध्या पाण्यावरचे उंदीर गाठ दिसेपर्यंत १९ आठवडे काढत होते. सहाव्या आठवड्यापासून अर्क दिलेले ३८ आठवड्यांपर्यंत गेले, बाराव्यापासून दिलेले ३१, अठराव्यापासून दिलेले २४. उशीर जितका, तितका फायदा आटत गेलेला. पत्रकात हा दुसरा निबंध नव्हता. प्रयोगशाळा तीच, उंदीर तोच, अर्क तोच, आणि ग्राहकाच्या दृष्टीनं अधिक कामाची माहिती त्यातच. पण तिच्यावर कॅप्सूल खपली नसती.

थोरला हुशार आहे. म्हणाला, ‘‘तरी १८ व्या आठवड्यातसुद्धा काहीतरी झालंच की.’’ झालंच. उंदरात झालं. तेव्हा माणसांत काय झालं ते बघू म्हटलं, कारण या बाबतीत माणसांवर चाचण्या झाल्यात आणि त्या उंदरांच्याच जोरावर झाल्यात.

२००६ मध्ये इटलीत बेत्तुझी यांच्या गटानं ६० पुरुष घेतले. त्यांच्या बायोप्सीत कॅन्सर नव्हता, कॅन्सरपूर्व बदल होते. निम्म्यांना वर्षभर रोज ६०० मिलिग्रॅम ग्रीन टी कॅटेचिन (चहातली मुख्य पॉलिफेनॉल), निम्म्यांना बिनऔषधी गोळी. वर्षाअखेर बिनऔषधी गटात ३० पैकी नऊ जणांना कॅन्सर निघाला, कॅटेचिन गटात एकाला. बातम्या झाल्या, त्या साहजिकच होत्या. मग २०१५ मध्ये अमेरिकेत ९७ पुरुषांवर तशीच चाचणी झाली, रोज ४०० मिलिग्रॅम ईजीसीजी, म्हणजे चहातलं प्रमुख कॅटेचिन, वर्षभर. इथं अर्काच्या गटात ४९ पैकी पाच आणि बिनऔषधी गटात ४८ पैकी नऊ जणांना कॅन्सर निघाला. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका लहान ठरला. आणि दोन्ही चाचण्यांतले पुरुष कॅन्सर न झालेले होते. हाडांत पोचलेला रोग चहाच्या अर्कानं मागं हटतो असं दाखवणारी एकही चाचणी मी त्याच्यासमोर ठेवू शकलो नाही, आणि तो लॅटिट्यूडचा आकडा मात्र तिथंच होता: १,१९९ माणसं, ३८ टक्के.

पीएसए उतरला तो कशानं

घरात सगळ्यात मोठा गैरसमज या आकड्यानं घातला होता. तो मोडायला मला उंदराचीच मदत झाली.

उंदराच्या शरीरात पीएसए नसतोच. ते प्रथिन बनवणारं जनुक त्याच्याकडं नाही. म्हणजे पत्रकातल्या कुठल्याही उंदराचा पीएसए उतरला नव्हता, उतरणं शक्यच नव्हतं. तिथं मोजलं होतं ते दुसरंच: एमआरआयवर गाठ, मूत्र-जनन अवयवांचं एकत्रित वजन, सूक्ष्मदर्शकाखालचे काप. त्यातलं वजन हे तर फसवं माप आहे. ट्रॅम्प उंदरांच्या वीर्यकोशांतही गाठी होतात आणि त्या वजनात भर घालतात, हे २००५ मध्ये विकृतिशास्त्राच्या अभ्यासकांनी मांडलं. तराजूवर कमी भरलेलं सगळं प्रोस्टेटमधूनच कमी झालं असं समजायचं कारण नाही. आणि आबांचा रोग जिथं बसलाय त्या हाडांत जनुकबदल केलेल्या उंदरांचा प्रोस्टेट कॅन्सर क्वचितच जातो.

मग ८६ चा ३.१ कसा झाला? इंजेक्शन आणि अबिराटेरोन. इंजेक्शननं वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, अबिराटेरोन अधिवृक्क ग्रंथीतलं आणि गाठीच्या आतलंही तोडतं. पीएसएचं जनुक पुरुषी संप्रेरकाच्याच हुकमावर चालतं, तेव्हा हुकूम थांबला की आकडा कोसळतो. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्याबद्दल १९६६ चं नोबेल मिळालं. आबांचा पीएसए कॅप्सूल न घेताही असाच उतरला असता. थोरल्यानं विचारलं, याला पुरावा काय? पुरावा म्हणजे अर्क न घेता हेच उपचार घेतलेले जगभरातले पुरुष, ज्यांचा पीएसए पहिल्या काही महिन्यांत असाच खाली येतो. त्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही.

यकृताचं प्रकरण

बाटलीवर लिहिलं होतं, प्रत्येक कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम ईजीसीजी. दिवसाला दोन, म्हणजे ८००. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये सगळी माहिती तपासून सांगितलं की पूरक म्हणून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताची विकरं वाढतात. कपातल्या चहाबद्दल ही चिंता नाही. अर्काच्या एकवटलेल्या मात्रेबद्दल आहे, आणि उपाशीपोटी घेतल्यावर रक्तातली पातळी जास्त चढते. आबा सकाळची कॅप्सूल उपाशीपोटीच घेत होते, आणि तीही अशा औषधासोबत ज्याला स्वतःलाच यकृत बाधण्याची खोड आहे. अबिराटेरोन सुरू केल्यावर पहिले तीन महिने दर पंधरवड्याला यकृत तपासायला सांगतात ते त्यासाठीच.

डॉक्टरांच्या अडचणीचा विचार करा. समोर एसजीपीटी २६८ आणि त्यांना माहीत असलेलं संशयित औषध एकच. त्यांनी ते थांबवलं, बरोबरच केलं. पण त्या माहितीवर ते औषध आबांना पुन्हा कधीच मिळालं नसतं, अशी पाळी येऊ शकली असती. लपवलेल्या बाटलीनं यकृताला किती इजा केली हे नक्की सांगता येणार नाही. डॉक्टरांसमोरचा हिशेब मात्र तिनं पक्का बिघडवला होता.

बाटली दाखवल्यावर डॉक्टर चिडले नाहीत, असं थोरला सांगतो. त्यांनी कॅप्सूल बंद ठेवून दर आठवड्याला यकृत तपासायला सांगितलं, इंजेक्शन वेळेवर दिलं. एसजीपीटी हळूहळू खाली आला. पूर्ववत झाल्यावर त्यांनी अबिराटेरोन पुन्हा सुरू केलं, या वेळी ७५० मिलिग्रॅम, अशा प्रसंगी तशीच पद्धत आहे. त्यानंतरचे रिपोर्ट सरळ आलेत. यावरून दोष कॅप्सूलचाच होता असं सिद्ध होत नाही, कारण मात्राही कमी झाली आहे. संशयाचा काटा मात्र तिकडं झुकतो.

मग उंदरांना त्रास द्यायचा कशाला

हा प्रश्न थोरल्याच्या बायकोनं विचारला, चहा ठेवता ठेवता, आणि मला तो सगळ्यात रास्त वाटला. उंदीर एवढा आडवातिडवा साधन असेल, तर पिंजऱ्यातल्या जिवांचे हाल कशासाठी? १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली समितीनं हाच प्रश्न विचारायचा असतो, आणि जनुकबदल केलेला प्राणी असेल तर जैवसुरक्षा समितीचाही शेरा लागतो.

माझं उत्तर दुसऱ्या उंदराचं आहे. पीटेन नावाचं एक जनुक पेशीची वाढ आवरतं. प्रगत प्रोस्टेट कॅन्सर झालेल्या सुमारे ४० टक्के पुरुषांत ते गमावलेलं असतं. म्हणजे हा दोष विषाणूचा खंड आणून घातलेला नाही, खऱ्या रोग्यांत सापडणारा आहे. २००३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हाँग वू यांच्या गटानं असे उंदीर केले ज्यांच्या फक्त प्रोस्टेटमधून पीटेन कापलं जाईल. त्यासाठी क्रे नावाचं विकर प्रोस्टेटच्याच पेशींत चालू होईल अशी सोय केली. सहा आठवड्यांना कॅन्सरपूर्व बदल, नऊ आठवड्यांना आजूबाजूच्या ऊतीत घुसणारा कॅन्सर, बारा आठवड्यांना काहींमध्ये पसरलेला. इतर प्रयोगशाळांत, वेगळ्या वंशाच्या उंदरांत, तोच कॅन्सर कितीतरी संथ निघाला आणि पसरलाही नाही. वंश बदलला की रोगाचं वेळापत्रक बदलतं.

खरी गंमत २००५ मध्ये कळली. पांडोल्फी यांच्या गटानं दाखवलं की पीटेन एकदम पूर्ण गेलं की पेशी बेफाम न होता उलट म्हाताऱ्या होतात, वाढायचं थांबवतात, कारण पी-५३ जागा होऊन त्यांना अडवतो. पीटेनसोबत पी-५३ ही काढलं तर मात्र रोग झपाट्यानं जीव घेतो. आबांसारख्या माणसात रोग वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो आणि मग एकाएकी उठतो, त्यामागं अशी काही अडवणूक असू शकते, हे उंदराशिवाय समजलं नसतं. पेट्रीडिशमध्ये वाढवलेल्या पेशींनी ही क्रमवारी दाखवली नसती, आणि माणसाच्या बायोप्सीत एका क्षणाचंच चित्र मिळतं.

पुढं २०११ मध्ये याच पीटेनहीन उंदरांत दिसलं की पीटेन गेल्यावर जोर धरणारा पीआय-३-के हा पेशींना वाढायला लावणारा संदेशमार्ग आणि पुरुषी संप्रेरकाचा मार्ग एकमेकांना दाबून ठेवतात. एक अडवला की दुसरा उचल खातो, दोन्ही अडवले की गाठ आक्रसते. यावरून माणसांवर चाचणी झाली. तिचा निकाल २०२१ मध्ये आला. १,१०१ पुरुष, सगळ्यांना अबिराटेरोन, निम्म्यांना जोडीला इपाटासर्टिब हे त्या मार्गावरचं औषध. ज्यांच्या गाठीत पीटेन गमावलेलं होतं त्यांच्यात स्कॅनवर रोग वाढेपर्यंतचा काळ १६.५ महिन्यांवरून १८.५ वर गेला. एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. उंदरानं दिशा बरोबर दाखवली, पल्ला किती ते सांगितलं नाही.

सूनबाई म्हणाल्या, ‘‘दोन महिन्यांसाठी एवढं?’’ मी काही बोललो नाही. ज्याच्या घरात रोगी आहे त्यालाच त्या दोन महिन्यांचं मोल ठरवू द्यावं असं मला वाटतं.

सध्या

आबा रंकाळ्यावर फिरायला जातात, संथ, काठी घेऊन. संप्रेरक दाबल्यावर हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे, आणि तालमीतलं वजन उचलायला डॉक्टरांनी मना केलंय, ज्याचं त्यांना रोगापेक्षा जास्त दुःख आहे. अबिराटेरोन ७५० वर स्थिर आहे. न उघडलेल्या कॅप्सूलच्या बाटल्या विकणाऱ्यानं परत घेतल्या नाहीत. थोरल्यानं बिल जपून ठेवलंय. ग्राहक आयोगात जायचं की नाही यावर त्याचं रोज मत बदलतं.

त्याचा माझ्याकडचा ताजा प्रश्न उंदरांचा नव्हता. तो ४४ वर्षांचा आहे आणि त्यानं वाचलं की पसरलेल्या रोगात वडलांची जनुक तपासणी करून घ्यायला सांगतात. हे त्यानं बरोबर वाचलं होतं. बीआरसीए-२ मधला जन्मजात दोष असेल तर मुलांत येण्याची शक्यता निम्मी असते. मुलग्यांना प्रोस्टेटचा धोका वाढतो आणि मुलींना स्तनाचा व बीजांडकोशाचा. आबांवरच्या पुढच्या उपचारांतही त्याचा उपयोग होतो, कारण अशा दोषावर चालणाऱ्या गोळ्या आता आहेत. आबांच्या रक्ताचा नमुना पाठवलाय, रिपोर्ट यायचाय. दोष निघालाच तर इचलकरंजीला दिलेल्या बहिणीला आणि तिच्या दोन मुलींना सांगावं लागेल. आईचं म्हणणं, मुलीच्या सासरी ही गोष्ट कळता कामा नये. थोरला म्हणतो, एक बाटली लपवली तेवढं बास झालं, ताईला फोन मीच करणार.